वाघाला नाव, माणसाला मर्ग नंबर

ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील वडसा वनक्षेत्रात एक वाघ बेशुद्ध करून पकडण्यात आला. त्याचे नाव सीटी-१. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा या तीन जिल्ह्यांत मिळून तेरा माणसांचे बळी त्याच्या नावावर नोंदले गेले होते. त्याच्या दोन वर्षे आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या जंगलात आरटी-१ नावाचा वाघ पकडला गेला. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेलेली टी-१, म्हणजे अवनी वाघीण, साऱ्या देशाला ठाऊक आहे. या सर्व जनावरांना नाव होते, नंबर होता, फोटो होता, अंगावरच्या पट्ट्यांची नोंद होती. कोणता हल्ला कोणत्या वाघाने केला, हे ठरवण्यासाठी मृताच्या जखमेवरची लाळ, झुडपाला अडकलेले केस आणि वाटेवरची विष्ठा गोळा करून डीएनए तपासणीला पाठवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीतच ते लिहिलेले आहे. नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तर वन्यजीवांच्या डीएनए तपासणीची वेगळी सोय आहे.

हे चांगलेच झाले. एका वाघाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्या वाघाला गोळी लागू नये, हा न्याय आहे. जनावराच्या बाबतीत का होईना, सरकारने तो मान्य केला याचे समाधान वाटते. माझी तक्रार वाघाबद्दल नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की त्याच जंगलात जो माणूस मरून पडतो त्याच्या वाट्याला हा न्याय कधी येणार?

या जंगलात बेवारस प्रेत सापडले की पुढे काय होते, हे विदर्भातल्या कोणत्याही पोलीस पाटलाला विचारा. कोणी तेंदूपत्ता तोडायला गेलेली बाई, कोणी मोहफुले वेचणारा म्हातारा किंवा कोणी सरपणाला गेलेली सून, यांना प्रेत दिसते. पोलीस पाटील ठाण्यात कळवतो, ठाणेदार मर्ग दाखल करतो आणि पंचनामा होतो. अंगावर काय कपडे होते, हातावर गोंदण होते का, दात किती होते, एवढे लिहिले जाते. प्रेत कुजलेले असेल तर डॉक्टर तिथेच जंगलात शवविच्छेदन उरकतात. फोटो काढले जातात आणि शेजारच्या ठाण्यांना बिनतारी संदेश जातो. काही दिवस वाट पाहून देह पुरला जातो. फाइलवर उरतो तो मर्ग नंबर.

खुनाचा संशय असला आणि तपास अधिकारी जागा असला, तर एखादा दात किंवा मांडीचे हाड राखून ठेवले जाते. नसेल तर नाही. म्हणजे मेलेल्या माणसाची ओळख टिकणार की मातीत जाणार, हे कायद्यावर ठरत नाही, त्या दिवशी ठाण्यात कोण बसले आहे यावर ठरते. वाघाच्या लाळेसाठी कार्यपद्धती लिहिलेली आहे. माणसाच्या दातासाठी मात्र साहेबाच्या मर्जीवर भागते.

वाचकहो, डीएनए हा शब्द आता सिनेमा आणि मालिकांनी घरोघर पोहोचवला आहे. पण ओळख पटवण्याच्या कामी तो नेमका काय करतो, हे थोडक्यात सांगणे गरजेचे आहे. माणसामाणसांत डीएनएचा फार मोठा भाग सारखाच असतो. पण त्याच्या काही ठिकाणी लहान लहान तुकडे पुन्हा पुन्हा येतात. कोणात एखादा तुकडा अकरा वेळा, कोणात चौदा वेळा. प्रत्येक ठिकाणी एक आकडा आईकडून आणि एक बापाकडून येतो. अशी पंधरा-वीस ठिकाणे एकत्र पाहिली की दोन परक्या माणसांचे सगळे आकडे जुळणे जवळपास अशक्य होते. एकबीज जुळी भावंडे तेवढी सोडायची. याच खुणांना शास्त्रज्ञ गुणसूत्रांवरच्या खुणा, म्हणजे मार्कर, म्हणतात. इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली या मार्गाची सुरुवात केली. भारतात हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. लालजी सिंह यांनी ही पद्धत उभी केली.

यातला एक मुद्दा आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचा आहे. एकट्या प्रेताचा डीएनए काहीच बोलत नाही. तो आकड्यांची एक ओळ असतो. ती ओळ कोणाशी तरी ताडून पाहावी लागते. आई, बाप, मुलगा, मुलगी यांच्या रक्ताचा एक थेंब किंवा गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा पुरतो. आई-बाप नसतील तर आईकडच्या स्त्री-वंशरेषेतला कोणीही चालतो, कारण पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. मुलगा असेल तर काका, चुलतभाऊ यांच्याकडून बापाच्या वंशाची खूण मिळते. म्हणजे दोन गोष्टी लागतात. एकीकडे बेवारस देहाचा राखून ठेवलेला नमुना आणि दुसरीकडे हरवलेल्याच्या घरच्यांचा नमुना. या दोन टोकांची गाठ घालून देणारी यंत्रणा नसेल तर जगातली सर्वांत महागडी प्रयोगशाळाही बिनकामाची. आणि आपल्याकडे नेमकी हीच यंत्रणा नाही.

शिवाय आपले हवामान वैरी आहे. चंद्रपूरचा उन्हाळा देशात बदनाम आहे. गडचिरोलीत जिल्ह्याच्या सुमारे सत्तर टक्के भागावर जंगल आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. उष्णता आणि ओल, दोन्ही डीएनएला मारक आहेत. मांस आणि रक्त लवकर निकामी होते. दात आणि मांडीचे जाड हाड मात्र टिकते. तेव्हा दफन करण्याआधी एक-दोन दात काढून कोरड्या पाकिटात, नाव-तारीख-ठाणे लिहून, सीलबंद ठेवले तर दहा वर्षांनीही आईला तिच्या मुलाची खबर देता येते. खर्चाचे कारण सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. नमुना राखून ठेवायला खर्च जवळपास नाही. खर्च तपासणीला येतो, आणि ती घरचे पुढे आले की करता येते.

आता मी त्या घटनेकडे येतो जिच्यामुळे हा प्रश्न या जिल्ह्यांत नुसता तांत्रिक राहिलेला नाही. २२ एप्रिल २०१८ रोजी गडचिरोलीच्या बोरिया-कसनासूर जंगलात, इंद्रावतीच्या काठी, पोलिसांच्या सी-६० पथकाची नक्षलवाद्यांशी चकमक झाली. दुसऱ्या दिवशी राजाराम खांदला परिसरात दुसरी चकमक झाली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार दोन्ही मिळून चाळीस नक्षलवादी ठार झाले. त्यातली अनेक प्रेते एक-दोन दिवसांनी इंद्रावतीच्या पात्रातून काढली गेली. पाण्यात फुगलेली आणि कुजलेली. त्याच वेळी गट्टेपल्ली गावचे पालक पुढे आले. त्यांचे म्हणणे असे, की आमची मुले लग्नाला म्हणून कसनासूरकडे गेली होती, ती परतली नाहीत. पोलिसांचे म्हणणे असे, की ही मुले नुकतीच दलमात भरती झाली होती.

कोण खरे, कोण खोटे, हे मी येथे बसून ठरवणार नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की अशा प्रसंगी डीएनए काय सांगू शकतो आणि काय नाही. नदीतून काढलेला देह कोणाच्या मुलाचा, हे तो सांगू शकतो. त्या मुलाच्या खांद्यावर बंदूक होती की आहेराची पिशवी, हे तो कधीच सांगू शकत नाही. जे लोक चकमकीनंतर डीएनए अहवाल फडकवून सगळे सिद्ध झाले असे म्हणतात, ते लोकांच्या अज्ञानाचा फायदा घेतात. ओळख हा तपासाचा पहिला प्रश्न आहे, शेवटचा नाही. पण पहिला प्रश्नच सोडवला नाही तर पुढचे सगळे प्रश्न विचारण्याचा हक्कही घरच्यांकडून हिरावला जातो. जिचा मुलगा मेला हे कागदावर सिद्धच होत नाही, त्या आईने चौकशी मागायची तरी कोणाच्या मृत्यूची?

पोलिसी चकमकींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात नियम घालून दिले. स्वतंत्र तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी, पुरावे जपणे आणि मृताच्या नातेवाइकांना लवकरात लवकर कळवणे, हे सारे त्यात आहे. नातेवाइकांना कळवायचे तर आधी मृत कोण हे माहीत हवे. म्हणजे ओळख पटवणे ही मेहेरबानी नाही, त्या निकालाची पूर्वअट आहे.

आता दुसरी तारीख पाहा. कसनासूरनंतर अवघ्या नऊ दिवसांनी, १ मे २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयात लोकनीती फाउंडेशनची एक याचिका निकाली निघाली. देशात दरवर्षी सुमारे चाळीस हजार बेवारस प्रेते सापडतात, त्यांचा डीएनए नोंदवून ठेवा आणि हरवलेल्यांच्या घरच्यांशी ताडून पाहा, एवढी साधी मागणी त्या संस्थेने २०१२ साली केली होती. केंद्र सरकारने न्यायालयाला सांगितले की आम्ही यासाठी कायदा आणतो आहोत. न्यायालयाने त्या आश्वासनावर याचिका मिटवली. सरकारने विधेयक आणले. जानेवारी २०१९ मध्ये लोकसभेत ते मंजूर झाले, पण राज्यसभेत न जाता बाद झाले. जुलै २०१९ मध्ये पुन्हा मांडले, स्थायी समितीकडे गेले, २०२१ मध्ये समितीचा अहवाल आला आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने विधेयक मागे घेतले. याचिका विधेयकाच्या भरवशावर गेली आणि विधेयक हवेत विरले. प्रेते मात्र तशीच सापडत राहिली.

विधेयक मागे घेतले गेले याचे मला दुःख नाही, हेही स्पष्ट सांगतो. त्या विधेयकात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या होत्या. एक, हरवलेले आणि बेवारस मृत यांची नोंद. दुसरी, संशयित, आरोपी आणि कैदी यांची नोंद. पहिली करुणेची आहे, दुसरी पाळतीची. स्थायी समितीनेही धोका दाखवला होता, की अशी पेढी जात, धर्म, समाज पाहून वापरली जाऊ शकते. खासदार असदुद्दीन ओवेसी आणि बिनॉय विश्वम यांनी समितीत भिन्नमतपत्रिका जोडल्या होत्या. तुरुंगातील कच्च्या कैद्यांत आदिवासी, दलित आणि मुसलमान यांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त आहे, हे सरकारचेच आकडे सांगतात. तेव्हा आरोपींची पेढी म्हणजे प्रत्यक्षात कोणाची पेढी होईल, हे सांगायला भविष्यवेत्ता नको.

पण गंमत पाहा. करुणेचा भाग बुडाला आणि पाळतीचा भाग दुसऱ्या दाराने आत आला. फौजदारी प्रक्रिया ओळख कायदा २०२२ साली झाला. त्यात अटक झालेल्यांचे जैविक नमुने आणि त्यांचे विश्लेषण घेण्याची तरतूद आहे, आणि नोंद पंचाहत्तर वर्षे ठेवायची आहे. आधी कोणतीही शिक्षा नसलेला माणूस निर्दोष सुटला तर नोंद नष्ट करायची म्हणतात, पण ती खरोखर नष्ट झाली की नाही हे त्याने कोठे जाऊन पाहायचे? जिवंत आरोपीच्या शरीराची खूण पंचाहत्तर वर्षे जपायला सरकारकडे जागा आहे. बेवारस मुडद्याचा एक दात पंचाहत्तर दिवस जपावा, असे सांगणारे कलम मात्र कुठे नाही. राज्यसत्तेला माणसाची ओळख कशासाठी हवी असते, ते यातून उघड होते.

आपल्या काही उत्साही मित्रांना वाटते की यंत्र आले की न्याय आपोआप येतो. त्यांनी काश्मीरमधले पथरीबल आठवावे. मार्च २००० मध्ये छत्तीसिंहपुरात सुमारे पस्तीस शिखांची हत्या झाली. पाच दिवसांनी पथरीबलच्या डोंगरात पाच जण मारले गेले आणि तेच परदेशी मारेकरी असे जाहीर झाले. गावकऱ्यांनी टाहो फोडला की ही आमची माणसे आहेत. प्रेते उकरली गेली, नातेवाइकांचे रक्त घेतले गेले, आणि २००२ मध्ये कळले की पाठवलेले नमुनेच बनावट होते. बाईचा म्हणून दिलेला नमुना पुरुषाचा निघाला. प्रयोगशाळेने चोरी पकडली, हे तिचे श्रेय. नव्याने नमुने घेतले तेव्हा सिद्ध झाले की मेलेले पाचही जण स्थानिक, निरपराध लोक होते. केंद्रीय अन्वेषण विभागाने २००६ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. जानेवारी २०१४ मध्ये लष्कराने पुरावा नाही म्हणून प्रकरण बंद केले.

यातून दोन धडे मिळतात. पहिला, यंत्र खोटे बोलत नसले तरी बाटलीवरची चिठ्ठी खोटे बोलू शकते. दुसरा, ओळख पटली म्हणून न्याय मिळतोच असे नाही. पण ओळख पटली म्हणूनच त्या पाच घरांना आज ताठ मानेने सांगता येते की आमची माणसे मारेकरी नव्हती. हे थोडे नाही.

नमुन्यांच्या हेळसांडीची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली आहे. जुलै २०२५ मध्ये कट्टवेल्लई खटल्यात न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. डीएनएचा नमुना नीट सीलबंद करा, अठ्ठेचाळीस तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा, तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंदवही ठेवा. निर्देश उत्तम आहेत. पण लाहेरीच्या जंगलातून नागपूर किती दूर आहे, हे ज्याने तो प्रवास केला आहे त्याला विचारा. चंद्रपूर आणि गडचिरोलीतच नमुने स्वीकारून, थंड ठेवून, पावती देणारे केंद्र नसेल तर अठ्ठेचाळीस तासांचा नियम दिल्लीच्या कागदावरच शोभून दिसेल.

येथवर वाचून काही वाचक विचारतील, की आदिवासींचा आणि वाघांचा हा विषय आपल्या वार्षिकात कशाला? आपले प्रश्न थोडे आहेत का?

हा विषय आपलाच आहे, आणि तीन कारणांनी आहे.

पहिले कारण हरवलेल्या माणसाच्या बायकोचे. आपल्या फिकहमध्ये ज्याची काहीच खबर नाही अशा माणसाला मफ्कूद म्हणतात. जुन्या हनफी मतानुसार त्याच्या बायकोने जवळपास सारे आयुष्य वाट पाहायची. मालिकी मताने चार वर्षांची मुदत दिली. विसाव्या शतकात मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या हनफी आलिमांनीच बायकांचे हाल पाहून मालिकी मत स्वीकारले, आणि १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याचा चार वर्षे पत्ता नसणे हे फस्खचे कारण ठरले. त्यातही निकालानंतर सहा महिने थांबावे लागते, न जाणो नवरा परत आला तर. वारसाहक्कासाठी मृत्यू गृहीत धरायचा तर सर्वसाधारण कायदा सात वर्षे मागतो. म्हणजे बल्लारपूरच्या खाणीतला, आलापल्लीच्या लाकडाच्या ठेक्यावरचा किंवा परराज्यात ट्रक घेऊन गेलेला एखादा माणूस बेपत्ता झाला तर त्याची बायको धड सधवा नाही, धड विधवा नाही. इद्दत कधी सुरू करायची हे तिला कळत नाही. मुलांच्या वाट्याची जमीन अडकते, विमा अडकतो. एखाद्या ठाण्यात एका मर्ग नंबराखाली तिचा नवरा सात वर्षे पुरलेला असू शकतो. एका दाताने तिची सात वर्षे वाचली असती. आणि हे दुःख धर्म विचारून येत नाही. माडिया बाईचेही तेच हाल आहेत.

दुसरे कारण आपल्या अंगावर आलेल्या इतिहासाचे. डिसेंबर २००५ मध्ये गुजरातमधील लुणावाड्याजवळ पानम नदीच्या काठी सांगाडे उकरले गेले. २००२ च्या दंगलीत पांढरवाडा गावात मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक आपली माणसे शोधत तिथे पोहोचले होते. पोलिसांनी ती प्रेते बेवारस म्हणून पुरली होती. हैदराबादच्या डीएनए तपासणीत त्यातल्या काहींची ओळख पटली. उकरणाऱ्यांवर मात्र गुन्हे दाखल झाले. ज्यांची माणसे सरकारी दप्तरात बेवारस ठरली होती, त्यांचे वारस जिवंत होते आणि दारोदार फिरत होते. बेवारस हा शब्द किती वेळा खोटा असतो, हे आपल्याइतके कोणाला माहीत? गट्टेपल्लीच्या पालकांचे दुःख आपल्याला कळायला मग दुभाष्या कशाला हवा?

तिसरे कारण आपल्याच घरातल्या एका गैरसमजाचे. बेवारस मुसलमान मय्यत मिळाली की गुस्ल, कफन आणि जनाजा करून ती दफन करणाऱ्या कमिट्या आपल्या अनेक शहरांत आहेत. हे फार सवाबाचे काम आहे आणि ते करणाऱ्यांना माझा सलाम आहे. पण त्यातल्या काही जणांना मय्यतीचा दात काढणे किंवा कबर उकरणे म्हणजे बेअदबी वाटते. ही भावना मी हसण्यावारी नेत नाही, मय्यतीची हुरमत खरी आहे. पण मक्केतील राबितातुल आलमिल इस्लामीच्या फिकह परिषदेने जानेवारी २००२ च्या बैठकीत या विषयावर विचार करून निर्णय दिलेला आहे. गुन्हे तपासात, हरवलेल्या मुलांच्या बाबतीत आणि ओळख न पटणाऱ्या मृतांच्या बाबतीत डीएनए तपासणी जायज ठरवली गेली. हुदूद आणि किसासच्या शिक्षा केवळ तिच्या आधारे देऊ नयेत आणि शरिअतने मान्य केलेले नसब तिच्या जोरावर मोडू नये, या मर्यादाही घातल्या. म्हणजे जगभरच्या आलिमांनी मार्ग मोकळा केला आहे. अडसर आहे तो आपल्या गल्लीतल्या अर्धवट माहितीचा. खरी बेअदबी दात काढण्यात नाही. नाव असलेल्या माणसाला बेनाव पुरण्यात आहे.

हे अशक्य कोटीतले काम आहे असे कोणी म्हणू नये. बोस्नियातील स्रेब्रेनिका येथे जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुले कापली गेली. पुरावा लपवण्यासाठी मारेकऱ्यांनी यंत्रांनी कबरी पुन्हा उकरल्या आणि हाडे दुसरीकडे नेऊन टाकली. एका माणसाची हाडे अनेक खड्ड्यांत विखुरली. हजारो नातेवाइकांनी रक्त दिले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये डीएनएवरून पहिली ओळख जुळली. आजवर सुमारे सात हजार मृतांना नाव परत मिळाले आहे. दर ११ जुलैला पोटोचारीच्या कब्रस्तानात नव्याने ओळख पटलेल्यांचे जनाजे निघतात. युद्धाने मोडलेल्या एका छोट्या देशात जगाच्या मदतीने हे झाले. आपण तर वाघांची मोजदाद करणारा, चंद्रावर यान उतरवणारा देश.

गडचिरोलीत ही वेळ आता आली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षल चळवळीचा मोठा नेता भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली. बंदुकीचा आवाज कमी होत चालला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण युद्ध संपले की हिशेब मागायचा असतो. गेल्या चार दशकांत किती पोरे-पोरी दलमात गेली आणि परतली नाहीत? किती जणांना नक्षलवाद्यांनी खबऱ्या म्हणून उचलून नेले? किती जण चकमकीत मेले आणि नाव न कळता पुरले गेले? या तिन्ही प्रकारच्या आया एकाच पाड्यावर शेजारी शेजारी राहतात. त्यांच्यात भेद करू नका. सरकारने शरणागतांसाठी पुनर्वसन योजना केली, तशी हरवलेल्यांसाठी शोध योजना करावी.

मागण्या साध्या आहेत. कोणत्याही बेवारस प्रेताचे दफन वा दहन करण्याआधी दात किंवा हाडाचा नमुना राखून ठेवणे शासन निर्णयाने सक्तीचे करा. दफनाची जागा नकाशावर नोंदवा आणि कबरीवर मर्ग नंबराची पाटी लावा. हरवल्याची तक्रार येईल तेव्हा घरच्यांच्या संमतीने त्यांचा नमुना घ्या, त्याची पावती द्या आणि तो फक्त शोधासाठीच वापरा. आरोपींच्या नोंदीत तो कधीही मिसळू नका. हरवलेल्या मुलाला शोधायला आलेल्या आदिवासी बापाचे रक्त उद्या त्याच्याच विरुद्ध वापरले जाईल, अशी भीती असेल तर कोणीही ठाण्याची पायरी चढणार नाही. चकमकीतल्या मृतांचे नमुने दोन भागांत घ्या, एक पोलिसांच्या प्रयोगशाळेला आणि एक न्यायालयाच्या ताब्यात, म्हणजे पथरीबल होणार नाही. अहवालाची प्रत घरच्यांना, त्यांना समजेल त्या भाषेत, द्या. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या आईला इंग्रजी आकड्यांचा कागद देऊन उपयोग काय?

वाघाने मारलेल्यांच्या बाबतीतही हेच करा. आज अशा मृत्यूनंतर वारसांना पंचवीस लाखांची मदत मिळते. पण जंगलात गेलेला माणूस परतला नाही आणि केवळ चार हाडे सापडली, तर ती कोणाची हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्या घरच्यांवर येऊ नये. जखमेवरची लाळ तपासायची तेव्हा त्याच पेटीत माणसाच्या हाडाचा नमुनाही ठेवा. मारणारा कोण हे शोधायला जी पेटी जाते, तिच्यातच मेला कोण हेही शोधता येते.

आपल्या बाजूनेही काही करायचे आहे. बेवारस मय्यती दफन करणाऱ्या आपल्या कमिट्यांनी आजपासून एक वही ठेवावी. तारीख, ठाणे, मर्ग नंबर, कबरीची रांग, आणि नमुना घेतला की नाही. नमुना घेतला नसेल तर ठाणेदाराकडे लेखी मागणी करावी. ही वही फक्त मुसलमानांपुरती ठेवू नये. प्रेताचा धर्म ओळखता येत नाही म्हणून तर ते बेवारस असते.

भामरागडकडचे माडिया आपल्या मृतांच्या नावाने दगड उभे करतात. आपण कबरीवर माती देतो. दोघांनाही आधी एक गोष्ट ठाऊक असावी लागते, की हा आपला कोण होता. तेवढे सांगण्याचे साधन सरकारच्या हातात आहे आणि वाघासाठी ते रोज वापरले जाते. माणसासाठी वापरायला कोणती परवानगी हवी आहे, ते सरकारने आता सांगावे.